भिंती आत पडतात, दिवा अंडं होतो : खोल्यांचे वाइड अँगल फोटो

तिरपागडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका मैत्रिणीने घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. तिला झालेल्या कामाचे फोटो हवे होते, माझ्याकडे कॅमेरा होता, एवढ्या भांडवलावर मी हो म्हणून बसलो. फुल फ्रेम बॉडी (म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा), १६-३५ मिमीचा झूम. ट्रायपॉड होता, पण तो घरी. खोल्या लहान, त्यामुळे झूम सगळा वेळ १६ ला, म्हणजे सगळ्यात जास्त मावतं त्या टोकाला, चिकटलेला. "सगळं मावलं पाहिजे" एवढंच डोक्यात.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसत होते. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि घाम फुटला. छत यावं म्हणून जिथे कॅमेरा वर केला होता तिथे दोन्हीकडच्या भिंती वरच्या टोकाला एकमेकींच्या अंगावर आल्यात. जिथे ओटा आणि फरशी घ्यायला खाली वाकवला तिथे उलटं, खोली नरसाळ्यासारखी खाली निमुळती. दाराची एक चौकट म्हणून सरळ नाही. आणि कोपऱ्यात टांगलेला कागदी गोल दिवा चक्क अंडं झालाय.

मग सॉफ्टवेअरमधलं सरळ करायचं ऑटो बटण दाबलं. भिंती सरळ झाल्या, पण दिवा अर्धा कापला गेला, पुढची खुर्ची होडीएवढी झाली आणि खोली कुणीतरी दोन्ही बाजूंनी दाबून उंच केल्यासारखी दिसायला लागली.

लेन्स खराब आहे, मी खराब आहे, की हे असंच असतं? पुन्हा फोटो काढायला एक दिवस मिळालाय. जाणकारांनी मदत करावी.

ओळंबा

लेन्स ठणठणीत आहे. तुमचा कॅमेरा ओळंब्यात नव्हता, बाकी काही नाही.

खिडकीच्या काचेमागे उभे राहा, एक डोळा मिटा आणि पलीकडे जे दिसतं ते मार्करने काचेवर गिरवा. काच उभी असेल तर समोरच्या दाराच्या दोन्ही उभ्या कडा काचेवर समांतरच येतात. आता तीच काच सुटी हातात आहे असं समजा आणि तिची वरची कड स्वतःकडे झुकवा. कडा वर जवळ यायला लागतील. कॅमेरा वर करणं म्हणजे हेच. सेन्सर ही तुमची काच. चित्राची चौकट म्हणजे खिडकी, ही कल्पना इटलीतल्या आल्बेर्ती या विद्वानाने १४३५ मध्ये चित्रकारांसाठी मांडली, तेव्हा कॅमेरा कुणी पाहिलाही नव्हता.

तेव्हा नियम एकच. सेन्सर उभ्या भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेघा उभ्या राहतात, मग लेन्स १६ असो नाहीतर ८५. दोन-तीन अंशांचा कलही खोलीत लगेच कळतो, कारण तिथे फ्रेमच्या कडेला लागूनच दार, कपाट, पडदा असं काहीतरी उभं असतं. डोंगराच्या फोटोत तोच कल कुणाच्या बापाला कळत नाही.

घाईगडबड

१६ वर हे होणारच. ३५ लावा, प्रश्न मिटला.

ओळंबा

@घाईगडबड, हा गैरसमज फार पसरलाय म्हणून जरा सविस्तर. एकाच जागी, एकाच कलाने एक फोटो १६ वर काढा, एक ३५ वर. मग १६ वाल्याचा मधला भाग ३५ इतका कापून दोन्ही शेजारी ठेवा. लेन्सचं स्वतःचं किरकोळ वाकडेपण सोडलं तर रेघा तंतोतंत जुळतात. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-लांबच्या गोष्टी एकमेकींच्या तुलनेत कशा दिसतात ते, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, लेन्सवर नाही. वाइड लेन्स फक्त फ्रेम मोठी करते, आणि जितकं मध्यापासून लांब जाल तितकं झुकणं डोळ्यात भरतं.

३५ लावून त्यांना मागे सरकावं लागेल, आणि मागे भिंत आहे. म्हणून तर १६ लावली होती ना बिचाऱ्यांनी.

घाईगडबड

प्रतिसाद काढून टाकला आहे. (आत्ताच करून बघितलं. बरोबर आहे तुमचं.)

भूमितीवेडी

भिंतींचं ओळंबा यांनी सांगितलंय, मी अंड्याकडे वळते, कारण तो वेगळा आजार आहे आणि लोक दोन्हींना "डिस्टॉर्शन" म्हणून एकाच पिशवीत कोंबतात.

खरं तर तीन गोष्टी आहेत. एक, कॅमेरा कलल्यामुळे समांतर रेघा एकत्र येणं. दोन, लेन्सच्या रचनेतला दोष, ज्यात सरळ रेघ पिंपासारखी बाहेर फुगते. हा लेन्स प्रोफाइलने, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या त्या लेन्सच्या दोषांच्या नोंदीने जातो. तिसरं तुमचं अंडं, आणि ते दोष नव्हेच. सरळ रेघ सरळ ठेवायचं वचन पाळणाऱ्या प्रत्येक लेन्सला कडांकडचा भाग बाहेर ताणावाच लागतो. फिशआय ही अतिवाइड लेन्स हे वचन मोडते, म्हणून तिच्यात माणसाचं डोकं कडेलाही बऱ्यापैकी गोल राहतं पण दारं धनुष्यासारखी वाकतात. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही.

ताण किती, तर हिशेब सोपा आहे. फुल फ्रेमवर २४ मिमीने आडवा फोटो काढला, तर डाव्या-उजव्या कडेच्या मध्याशी असलेला चेंडू रुंदीला उंचीच्या सव्वापट दिसतो. १६ वर तोच दीडपट, आणि अगदी कोपऱ्यात जवळजवळ १.७ पट. कॅमेरा सपाट धरा, महागडी लेन्स आणा, काही फरक पडत नाही.

आता गंमत. समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ असेल आणि कॅमेरा त्या भिंतीला समांतर असेल, तर घड्याळ कोपऱ्यात गेलं तरी गोलच राहील! कारण ते सेन्सरला समांतर असलेलं सपाट वर्तुळ आहे. ताणली जाते ती सपाट नसलेली, घनाकार वस्तू. दिवा, उशी, कुंडी, माणसाचं डोकं. म्हणून वाइड फ्रेमच्या कडांना सपाट गोष्टी ठेवाव्यात आणि गोलमटोल गोष्टी मध्याकडे न्याव्यात.

तिरपागडा

अहो भूमितीवेडी, जुने फोटो परत उघडले. एका फोटोत दिवा आणि घड्याळ दोन्ही उजव्या वरच्या कोपऱ्यात आहेत. घड्याळ गोल, दिवा अंडं! तीन दिवस हा फोटो बघतोय, हे दिसलंच नव्हतं.

सुतारपक्षी

वाचनखूण साठवली.

रिकामी_खोली

बरीच वर्षं हेच काम करतोय, तर प्रत्यक्ष कसं करतो ते लिहितो. लांबेल.

ट्रायपॉड न्या. खोलीत हातात धरून काम करणं म्हणजे सुताराने काटकोनाचा गुण्या न लावता टेबल जोडणं. ट्रायपॉडला बॉल हेड (गोळ्यावर फिरणारं डोकं) असेल तर चालेल, पण त्याचा एक ताप आहे, एक दिशा सरळ करायला गेलं की दुसरी बिघडते. गिअर्ड हेडमध्ये तिन्ही दिशांना वेगळी चकती असते, एकेक पीळ देत आणायचं. ते नसेल तर कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा आणि त्यात फक्त डावं-उजवं बघू नका, पुढचा-मागचा कलही बघा. बहुतेक लोक पहिलीच रेघ हिरवी झाली की खूश होतात. सेन्सरची ही लेव्हल अर्ध्या अंशाने इकडेतिकडे असू शकते, म्हणून शेवटी मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड लावून डाव्या कडेच्या चौकटीवर आणि उजव्या कडेच्या कपाटावर झूम करून खात्री करायची. दोन्हीकडे. एकीकडे बघून भागत नाही.

आता उंची. इथेच सगळी मेख आहे. उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून काढलं की फरशी कमी पडते, मग माणूस कॅमेरा खाली वाकवतो, आणि भिंती गेल्या. कॅमेरा वाकवू नका, कॅमेराच खाली आणा. बैठकीच्या खोलीत मी साधारण १०० ते १२० सेंटीमीटरवर असतो. कॅमेरा सपाट असेल तर क्षितिजरेषा फ्रेमच्या बरोबर मध्यातून जाते, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीची प्रत्येक गोष्ट मध्यावर येते. हे पटलं की उंची आपोआप ठरवता येते. किचनमध्ये ओट्याचा पृष्ठभाग दिसायला हवा, म्हणून ओट्यापेक्षा एक-दीड वीत वर. पलंगाच्या खोलीत थोडं खाली, नाहीतर चादरीचं मैदानच दिसत राहतं. टेबलाच्या नेमक्या उंचीवर कधीही थांबू नका, टेबलाची नुसती रेघ होते.

नंतर दिशा. एकतर मागच्या भिंतीला काटेकोर समांतर उभे राहा, नाहीतर सरळ कोपरा धरून दोन भिंती दिसतील असे उभे राहा. मधलं अर्धवट काही करू नका. दोन अंश वळलेला समोरासमोरचा फोटो चुकलेलाच दिसतो, वीस अंश वळलेला मुद्दाम काढलेला दिसतो. समांतर आणायला फरशीच्या सांध्यांची आणि मागच्या भिंतीच्या पायाकडच्या पट्टीची मदत घ्या, ती पट्टी फ्रेमच्या खालच्या कडेशी समांतर आली पाहिजे.

आणि झूम. तिरपागडा, तुमच्या पोस्टमधलं मला खटकलेलं वाक्य म्हणजे "सगळं मावलं पाहिजे". कशाला? खोलीची यादी करायची आहे का? मी २४ पासून सुरू करतो, पाठ भिंतीला लावतो, दार उघडं असेल तर ट्रायपॉड दाराबाहेर नेतो, आणि तरीही जमलं नाही तरच २० च्या खाली उतरतो. १६ वर पुढची खुर्ची सोफा होते आणि मागची खिडकी टपाल तिकीट. सोफ्याचा एक हात कापला गेला तरी चालतो, बघणाऱ्याला सोफा कसा असतो माहीत असतं.

खुर्ची होडी झाली म्हणालात. ती कॅमेऱ्याच्या फार जवळ आणि कडेला होती. उचला आणि दोन हात मागे ठेवा. खोलीत जाऊन बघितलं तर ती आता भलत्या जागी वाटेल, फोटोत बरोबर वाटेल. फर्निचर कॅमेऱ्यासाठी हलवायचं असतं, हे कळायला मला पहिली दोन वर्षं लागली.

उजेडाबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा धागा होईल. अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड असल्यामुळे शटर कितीही. खिडकी फार उजळ असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (दर वेळी चौपट उजेडाच्या) अंतराने तीन ते पाच फ्रेम, नंतर जोडायला. पिवळे दिवे आणि खिडकीचा उजेड एकत्र येऊ देऊ नका, दिवे बंद करून एक फ्रेम नक्की घ्या.

कलाकुसर

+१. फर्निचरचं तर अगदी. पण २० च्या खाली न उतरण्याचा आग्रह पटला नाही. बाथरूममध्ये काय करणार?

रिकामी_खोली

बाथरूममध्ये १६ ला शरण जातो. आणि देवाचं नाव घेतो.

निमगोरा_पडदा

सॉफ्टवेअरचं मी सांगतो. ऑटो बटणाला सांगितलेलं नसतं की कुठली रेघ खरी उभी आहे. ते फोटोत सापडतील त्या रेघा धरतं, त्यात जिन्याचा कठडा, तिरकी खुर्ची, सगळं आलं.

आधी लेन्स प्रोफाइल लावा, मग पर्स्पेक्टिव्ह. उलट केलंत तर फुगलेल्या रेघेला सरळ समजून हिशेब होतो. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये अपराइट (रेघा सरळ करायची सोय) २०१३ पासून आहे, पण माझ्या मते कामाचं आहे ते २०१६ मध्ये आलेलं गायडेड अपराइट. त्यात तुम्ही स्वतः रेघा आखता, जास्तीत जास्त चार. दोन उभ्या रेघा फ्रेमच्या दोन टोकांना घ्या, जितक्या लांब लांब तितकी चूक कमी. आणि रेघ बांधकामावर घ्या, सामानावर नको. दोन भिंतींचा कोपरा, खिडकीची चौकट. पडद्यावर किंवा कपाटाच्या लोंबत्या दारावर कधीही नको. आडव्या रेघा फक्त समोरासमोरच्या फोटोत. कोपऱ्याच्या फोटोत आडव्या सरळ करायला गेलात तर खोलीचा पत्रा होतो.

फुकटात हवं असेल तर डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं. तिथे लेन्स मॉडेल "जेनेरिक" न ठेवता "स्पेसिफिक" केलं तर फोकल लांबी (लेन्सचा तो मिमीचा आकडा) आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा किती लहान) हिशेबात घेतले जातात. तुमची दाबून उंच झालेली खोली इथे सुटते. नुसतं ट्रॅपेझचा (एका टोकाला निमुळत्या चौकोनाचा) आयत केला तर उंची-रुंदीचं प्रमाण काय होतं हे त्या सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. ज्यात ही सोय नाही तिथे अ‍ॅस्पेक्टचा, म्हणजे याच प्रमाणाचा, स्लायडर असतो. खोलीतली एक ओळखीची चौकोनी वस्तू, उदाहरणार्थ समोर दिसणारी चौरस फरशी किंवा स्विचबोर्ड, बघून तो हलवा.

पण हे कर्ज आहे, व्याज लागतं. २४ मिमी, आडवा फोटो, कॅमेरा १० अंश वर. दुरुस्तीत वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे १९ टक्के जास्त ताणली जाते. म्हणजे वरचे पिक्सेल पातळ होतात, आणि फोटोचा आकार वर रुंद, खाली अरुंद असा होतो. त्यातून सरळ आयत कापला की वरच्या रुंदीतला जवळपास सहावा हिस्सा गेला. तुमचा दिवा त्या सहाव्या हिश्श्यात होता. एक-दोन अंशांचा कल सॉफ्टवेअरने काढायला काहीच हरकत नाही, मीही काढतो. दहा अंश म्हणजे पुन्हा जा आणि पुन्हा काढा.

ओळंबा

उत्तम. आता कॅमेरा सपाटही ठेवायचा आणि छतही जास्त घ्यायचं, हे कसं, तर त्याचं जुनं उत्तर आहे. मोठ्या फिल्मच्या घडीच्या कॅमेऱ्यात लेन्सची पाटी वर सरकवता यायची. कॅमेरा हलत नाही, लेन्स सरकते, भिंती उभ्याच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला निकॉनने ३५ मिमीची शिफ्ट लेन्स लहान कॅमेऱ्यासाठी आणली, १९७३ मध्ये कॅननने टिल्ट (लेन्स तिरपी करणं) आणि शिफ्ट (लेन्स सरकवणं) दोन्ही एकत्र दिलं. २००९ मधल्या कॅननच्या १७ आणि २४ मिमी टीएस-ई लेन्स १२ मिमी सरकतात. आडव्या फ्रेमची उंची २४ मिमी, म्हणजे १२ सरकवलं की क्षितिजरेषा मध्यावरून थेट खालच्या कडेवर. कॅमेरा एक अंशही न हलवता.

(यातलं टिल्ट खोलीच्या भिंतींसाठी लागत नाही. त्याचं काम फोकसचा पट तिरका करणं, शायम्फ्लुगचं १९०४ चं पेटंट त्यावरचं. भिंती सरळ करतं ते शिफ्ट. दुकानदारसुद्धा गोंधळ घालतात.)

शिफ्ट लेन्स नसेल तर गरिबाची शिफ्ट. कॅमेरा उभा धरा, सपाट ठेवा, आणि खालचा नको तो भाग कापून टाका. उभ्या फ्रेमची उंची ३६ मिमी. खालचे १२ कापले तर २४ बाय २४ चा चौरस उरतो आणि परिणाम अगदी ६ मिमी शिफ्ट केल्यासारखा. २४ मेगापिक्सेलचे १६ उरतात. ताण नाही, व्याज नाही, फक्त थोडी जमीन सोडून द्यायची.

भूमितीवेडी

जोड देते. शिफ्टनेही अंडं जात नाही. उलट मध्यापासून आणखी लांब जाल तर आणखी मोठं. गरिबाच्या शिफ्टमध्येही तेच.

मोबाईलवाला

आमच्यासारख्यांचं काय? फोनची ०.५ लेन्स आहे फक्त.

निमगोरा_पडदा

बऱ्याच फोनची ती लेन्स फुल फ्रेमच्या १३ मिमीच्या आसपास असते, म्हणजे वर लिहिलेलं सगळं तुम्हाला दीडपट लागू. ग्रिड लावा, फोन छातीशी धरा, फोनची पाठ उभी. जमेल तिथे १x लेन्सवर राहा. कडेला माणूस ठेवू नका, तो रागावेल.

सुतारपक्षी

एक अनुभव. जुन्या वाड्यातली एक खोली काढत होतो. कॅमेरा लेव्हलवर, दोनदा तपासला, तरी डावी भिंत झुकलेली. उजवी बरोबर. ट्रायपॉडला शिव्या घातल्या. शेवटी दोरीला किल्ल्यांचा जुडगा बांधून खिळ्यावरून खाली सोडला. भिंतच ओळंब्यात नव्हती! छताशी चार बोटं पुढे आलेली. सॉफ्टवेअरमध्ये डाव्या भिंतीवर रेघ आखली तर भिंत सरळ झाली आणि खोलीतली बाकी प्रत्येक गोष्ट वाकडी. शेवटी खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या खांबावर रेघ धरली आणि भिंत होती तशी वाकडी ठेवली.

कलाकुसर

चांगलं केलंत. अवांतर : खोली आहे त्यापेक्षा मोठी दाखवणं मला तितकंच खटकतं. १४ मिमीवर काढलेली हातभर खोली बघून माणूस आशेने येतो आणि दारातच अडखळतो.

रिकामी_खोली

फोटोत एक ओळखीच्या मापाची गोष्ट समोरून दिसेल अशी मध्याकडे ठेवावी, दार किंवा खुर्ची. मग फसवायचं म्हटलं तरी फार फसवता येत नाही.

तिरपागडा

मंडळी, काल जाऊन आलो. ट्रायपॉड नेला. तेरा फ्रेम काढल्या, मागच्या वेळी दोनशे चाळीस होत्या. सगळा वेळ कॅमेरा एक-एक इंच खाली-वर करण्यात आणि खुर्च्या उचलण्यात गेला. मैत्रीण म्हणाली, तू फोटो काढायला आलायस की सामान हलवायला?

बैठकीची खोली दाराबाहेरून, २४ वर, ११० सेंटीमीटर. छत कमी पडत होतं म्हणून उभी फ्रेम घेऊन खालून कापली. सॉफ्टवेअरमध्ये फक्त अर्ध्या अंशाचं काम उरलं. दिवा मध्याकडे आणता येत नव्हता, तो छताला पक्का आहे, म्हणून मी कॅमेरा डावीकडे नेऊन तो फ्रेमबाहेर घालवला. कुणालाच त्याची आठवण आली नाही.

अडलं ते बाथरूमला. बेसिनवर भिंतभर नाही, पण चांगला मोठा आरसा. समोर समांतर उभा राहिलो की आरशात मी आणि ट्रायपॉड. कोनातून काढला तर आरसा तिरका. काय करायचं?

ओळंबा

उत्तर वर लिहिलेलं आहे. फक्त आडवं करा.

तिरपागडा

थांबा. म्हणजे ट्रायपॉड आरशाच्या कडेच्या पलीकडे, बाजूला न्यायचा. कॅमेरा वळवायचा नाही, भिंतीला समांतरच. आरसा फ्रेमच्या एका अर्ध्यात येईल, चौकोनीच राहील. माझं प्रतिबिंब माझ्या बरोबर समोर पडणार, आणि तिथे आरसा नाही, नुसत्या टाइल्स. मग तो अर्धा भाग कापून टाकायचा?

ओळंबा

हं.

तिरपागडा

उद्या परत जातोय.